तीन घरांची लाइन

माझे बाबा, बबन मेश्राम, लखनौच्या एका सरकारी संशोधन संस्थेत तेहतीस वर्षं इलेक्ट्रिशियन होते. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीजवळच्या गावातून आयटीआय करून ते एकटे इथे आले. दोन वर्षांनी आईला, द्रौपदीला, घेऊन आले. माझा आणि धाकट्या बंटीचा जन्म इथलाच. आई आमच्याशी मराठीत बोलायची, आम्ही हिंदीत उत्तर द्यायचो, आणि बाबा दोन्हींत कमीच बोलायचे. निवृत्तीच्या आधी त्यांनी निशातगंजच्या मागच्या बाजूला एका गल्लीत दोन खोल्यांचं घर घेतलं आणि वर एक खोली चढवली.

निवृत्त झाल्यावरही त्यांच्या शर्टाच्या खिशात टेस्टर असायचाच. विहारात जातानासुद्धा. गल्लीत कुणाचा कूलर बंद पडला, मोटर पाणी चढवेना, स्विचमधून ठिणगी आली, की पहिली हाक मेश्राम साहेबांना. ते जायचे, काम करायचे आणि काम झालं की त्या घरच्या माणसाला समोर उभं करून समजावायचे, तुमची वायर किती भार पेलते आणि तुम्ही तिच्यावर किती टाकलाय. लोकांना ते भाषण नको असायचं. तरी ऐकून घ्यायचे, कारण पुढच्या वेळी पुन्हा यांनाच बोलवायचं असायचं.

आम्ही लहान असताना ते एक गोष्ट फार वेळा सांगायचे. लखनौला आल्याआल्या त्यांना चौक नावाच्या जुन्या भागात भाड्यानं खोली मिळाली होती. घरमालकानं नाव विचारलं, यांनी सांगितलं, मालकानं ऐकलं ‘मिश्रा’. आठ दिवस त्या घरात मिश्राजींची बडदास्त चालली. सकाळी वरून चहा यायचा. हे लक्षात आलं तसे बाबा वर गेले आणि सांगितलं, मिश्रा नाही, मेश्राम. आणि मेश्राम म्हणजे कोण तेही सांगितलं. महिनाअखेरीस मालकाच्या पुतण्याला एकाएकी ती खोली लागली. बाबांनी ट्रंक उचलली आणि दीड महिना संस्थेच्या जनरेटरच्या खोलीत झोपले. गोष्ट संपवताना ते म्हणायचे, आठ दिवस लागले सांगायला, तेवढं माझं चुकलं.

हे आधी सांगते आहे, कारण पुढे जे झालं ते याच माणसाच्या हातून झालं.

दोन वर्षांपूर्वी मेच्या शेवटी मला मुलगी झाली. बाळंतपणासाठी मी जबलपूरहून माहेरी आले होते. जून लागला तरी ऊन पंचेचाळीसच्या खाली उतरत नव्हतं. सकाळी नऊ वाजता नळाचं पाणी हाताला चटका द्यायचं. दहानंतर गल्लीत अशा झळा वाहायच्या की दार किलकिलं केलं तरी डोळे चुरचुरायचे. बंटीनं बंगळूरहून माझ्यासाठी एसी पाठवला होता. बाबांनी तो भिंतीवर बसवला, पण चालू करू दिला नाही. घराचा मंजूर भार वाढवून मिळावा म्हणून त्यांनी अर्ज दिला होता. तो मंजूर झाल्याशिवाय हात लावायचा नाही म्हणाले. त्यामुळे एसी भिंतीवर होता आणि आम्ही तिघी कूलरसमोर.

त्या बुधवारी सकाळी सातला लाइट गेली. सगळ्या गल्लीची नाही. ट्रान्सफॉर्मरमधून तीन फेज निघतात आणि घरं त्या तिन्हींवर वाटलेली असतात; त्यातली आमची एक गेली होती. समोरच्या ओळीत पंखे फिरत होते, आमच्या ओळीत थांबलेले. तक्रारीचा फोन लागत नव्हता, आणि लागला तेव्हा तक्रार लिहून घेतली आहे एवढंच पलीकडून सांगितलं गेलं. इन्व्हर्टर साडेअकरापर्यंत टिकला. आईनं खिडक्यांना ओल्या चादरी बांधल्या, त्या बघता बघता वाळायच्या. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तळाला गेलं आणि मोटर चालवायला वीज नव्हती.

मुलगी सोळा दिवसांची. तिच्या मानेवर, काखेत, मांड्यांच्या वळ्यांत लाल पुरळ उठलं होतं. आई तिला हातपंख्यानं वारा घालत होती, पण तो वाराही गरमच होता. एकच्या सुमारास तिनं दूध ओढणं सोडलं. अंग तापलं होतं. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, आधी थंड जागी न्या आणि अंग ओल्या फडक्यानं पुसा. तासाभरात प्यायली नाही तर इकडे घेऊन या.

समोर हिमानी राहते. शाळेत शिकवते, माझ्याच वयाची. तिनं खिडकीतून आईला सांगितलं की आमच्याकडे लाइट आहे, दोघींना इथे घेऊन या. आईनं दुपट्यांची पिशवीही भरली. पण बाबांनी अडवलं. ओल्या बाळंतिणीनं दुसऱ्याच्या घरी कशाला जायचं, म्हणाले, मी बघतो काहीतरी. आम्ही ऐकलं. सगळ्या गल्लीचे पंखे चालू करून देणाऱ्या माणसाला स्वतःच्या लेकीसाठी शेजाऱ्याचा पंखा मागायचा नव्हता, एवढंच होतं ते. मला तेव्हा ती माया वाटली. मायाही असेल.

दोन वाजता गल्ली अगदी ओस होती. जिन्याखालून शिडी ओढल्याचा आवाज आला. मी चादर बाजूला करून पाहिलं. बाबांनी गळ्यात ओला पंचा टाकला होता, हातांत रबरी मोजे घातले होते, आणि खांबावर चढून ते तिथला डबा उघडत होते. ते काय करताहेत ते मला लगेच कळलं. गेलेल्या फेजवरून आमच्या घराची वायर काढायची आणि चालू असलेल्या फेजवर लावायची. गल्लीत कुणी हे केलं की बाबा त्याला चोरी म्हणायचे. एक फेज भारानं जाते, मग सगळे उरलेल्या दोन फेजवर उड्या मारतात आणि त्याही जातात, हे त्यांनी मला शाळेच्या वहीत आकृती काढून शिकवलं होतं. मी खिडकीतून हाक मारू शकले असते. मी चादर सोडली आणि बाळाजवळ येऊन बसले.

पंखा फिरायला लागला. बाबा आत आले तेव्हा शर्ट अंगाला चिकटला होता. कुणाकडे न बघता त्यांनी रिमोट उचलला आणि एसी लावला.

अर्ध्या तासात मुलगी दूध प्यायली. मी रडले. आईनं पिशवीतली दुपटी काढून पुन्हा कपाटात ठेवली.

बाबा शिडी ठेवायला गेले ते बराच वेळ आले नाहीत. शेजारच्या दीनानाथ श्रीवास्तवांनी त्यांना खांबावर पाहिलं होतं. ते बाहेर आले आणि म्हणाले, आमचंही करून द्या मेश्राम साहेब, माताजींचं वय बघा. त्यांच्या घरी दोन एसी. वरच्या मजल्यावर त्यांचे भाडेकरू, त्यांचा एक. शिडीवर पकडला गेलेला माणूस नाही कसं म्हणणार? बाबा पुन्हा चढले. तीन घरांची लाइन त्यांनी त्या दुपारी बदलली.

सव्वाचारला ट्रान्सफॉर्मर गेला. मोठा आवाज झाला, मग काळा धूर, आणि जळक्या तेलाचा वास आमच्या घरापर्यंत आला. आता कुणाकडेच वीज नव्हती. समोरच्या ओळीत नाही, हिमानीकडे नाही, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नाही. आई मला आणि बाळाला घेऊन रिक्षानं डॉक्टरीणबाईंकडे गेली, आणि त्यांच्या ओळखीच्या एका घरी आम्ही पाहुण्यांसारख्या राहिलो. दुसऱ्याच्या घरी जायचं टाळलं होतं, ते असं वाट्याला आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही परत आलो तेव्हा गल्लीच्या तोंडाशी कडुनिंबाखाली सगळी गर्दी जमली होती. वीज खात्याची माणसं ट्रान्सफॉर्मर बघून गेली होती. नवा यायला वेळ लागेल, तोवर संध्याकाळपर्यंत ट्रॉलीवरचा फिरता ट्रान्सफॉर्मर लावतो, म्हणाली होती. लोक चिडलेले, झोपलेले नाहीत, आंघोळीला पाणी नाही. कुणावर तरी तो राग काढायचा होता.

गल्लीच्या मागे नाल्याच्या कडेला पत्र्याची सहा घरं आहेत. तिथली वीज खांबावरच्या तारेवर आकडा टाकून घेतलेली. लखनौत त्याला कटिया म्हणतात. त्यांतल्याच एका घरात लीलावती राहते. कडुनिंबाखाली टेबल टाकून ती आमच्या सगळ्यांच्या कपड्यांना इस्त्री करते, कोळशाच्या इस्त्रीनं. तिचा नवरा गोपीनाथ ठेला ओढतो.

दीनानाथजींनीच विषय काढला. म्हणाले, आम्ही नियमानं मीटर घ्यायचे, आणि या लोकांनी फुकट तारा टाकायच्या, मग ट्रान्सफॉर्मर जळणार नाही तर काय होईल. बोलताना त्यांनी एकदाही बाबांकडे पाहिलं नाही. पण बाकी सगळे बाबांकडे वळले, कारण विजेचं काही असलं की शेवटचा शब्द त्यांचा. मी आमच्या पायरीवर बाळाला घेऊन उभी होते आणि मला सगळं ऐकू येत होतं.

कुणीतरी विचारलं, "मेश्राम साहब, आप बताइए. ओवरलोड से ही जला न?"

बाबा म्हणाले, "हाँ. ओवरलोड से."

"और कटिया का लोड तो किसी गिनती में होता नहीं."

बाबांनी खाली बघितलं. "नहीं होता," म्हणाले.

दोन्ही उत्तरं खरी होती. त्यांच्या तोंडून एकही खोटा शब्द गेला नाही, आणि एवढं मोठं खोटं मी त्यांना कधी बोलताना पाहिलं नव्हतं. मीही पायरीवरून उतरले नाही.

संध्याकाळी ट्रॉली आली तेव्हा लोकांनी खात्याच्या माणसांना घेरलं, की आधी कटिया काढा, मगच लाइन जोडा. त्यांनी त्या सहा घरांच्या तारा ओढून काढल्या, गुंडाळ्या केल्या आणि गाडीत टाकल्या. कायद्यानं त्यात चूक काहीच नव्हती. लीलावती इस्त्रीच्या टेबलापाशी उभी राहून बघत होती. तिच्या हातात आमचेच कपडे होते. थोड्या वेळानं गल्लीत लाइट आली आणि घराघरांतून आनंदाचा गलका उठला. नाल्याकडच्या बाजूला अंधार तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी पुन्हा शिडी काढली आणि तिन्ही घरांच्या वायरी पहिल्या जागी लावल्या. या वेळी दीनानाथजी बाहेर आले नाहीत.

आई मात्र त्या दिवसापासून एसीच्या खोलीत बसेना. स्वयंपाकघरात, ओट्याला पाठ लावून जमिनीवर बसायची, पदरानं वारा घेत. बाबांनी दोनदा हाक मारली. मग ते स्वतःच दारात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, एका घरानं ट्रान्सफॉर्मर जळत नसतो, त्यातून महिनाभर तेल गळत होतं, कधीतरी तो जाणारच होता.

आई म्हणाली, "मग सांगा ना तसं. सगळ्यांसमोर."

बाबा म्हणाले, "घरात बाळ होतं."

"बाळ हिमानीकडे नेता आलं असतं. पिशवी भरली होती मी." मग ती म्हणाली, "मिश्रा म्हणवून घेतलं असतं तर चौकातली खोली राहिली असती. तेव्हा नाही घेतलं तुम्ही म्हणवून."

बाबा दारातून बाजूला झाले. त्यांनी आत जाऊन एसी बंद केला, आणि मला विचारलं, चालेल ना? मी चालेल म्हटलं. कूलरसमोर मुलीला काही झालं नाही.

शनिवारी कळलं की गोपीनाथला दवाखान्यात नेलं आहे. तो पहाटेपासून ठेला ओढायचा आणि दुपारी बारा ते चार घरात पंख्याखाली पडायचा; त्याचा सगळा उन्हाळा त्या चार तासांच्या आधारावर निभत होता. पंखा गेल्यावर पत्र्याखाली झोपणं शक्य नव्हतं, म्हणून शुक्रवारी तो दुपारीही ठेला घेऊन बाहेर पडला आणि सिमेंटच्या गोण्या उतरवताना खाली कोसळला. ऊन लागून मूत्रपिंडांना मार बसला, असं डॉक्टर म्हणाले. जगेल, पण वेळ लागेल.

ही बातमी आईला हिमानीनं सांगितली. बाबा तिथेच होते. त्या दिवशी ते जेवले नाहीत. बुधवारपासून तोपर्यंत त्यांच्याजवळ एक हिशेब होता, किती दोष उन्हाचा, किती जुन्या ट्रान्सफॉर्मरचा, किती इतरांचा, आणि उरलेला थोडासा आपला. त्यानंतर मी तो त्यांच्या तोंडून ऐकला नाही. पण ते सांगायलाही कुठे गेले नाहीत. रविवार तसाच गेला. विहारात जायला निघाले, आणि कोपऱ्यावरून परत आले.

सोमवारी सकाळी लीलावतीच आमच्याकडे आली.

तिनं इस्त्रीचे कपडे आईच्या हातात दिले आणि प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढले. आधार कार्डं, रेशन कार्डं, कुणाचं मतदार ओळखपत्र. सहा घरांनी मिळून ठरवलं होतं की रीतसर मीटर घ्यायचे. फॉर्म आणले होते, पण भरायचे कसे कळत नव्हतं. बाबांशिवाय कुणाकडे जावं हे तिला सुचलं नव्हतं. वऱ्हांड्यात खाली बसत ती म्हणाली, "उस दिन सब हम लोगों पर चढ़े थे. एक आप ही थे साहब, जो कुछ नहीं बोले."

बाबांनी चष्मा लावला. मला वाटलं आता बोलतील. ते फॉर्म भरायला लागले. नाव, वडिलांचं नाव, पत्ता. मग भाराचा रकाना आला. घरात काय काय चालतं, त्यांनी विचारलं. एक बल्ब, एक पंखा, ती म्हणाली. दुसऱ्या घरात? एक बल्ब, एक पंखा. सहाही घरांत तेच. एका घरात जास्तीचा फोनचा चार्जर होता.

बाबांनी वॉट लिहिले आणि सवयीनं समासात बेरीज केली. सहा घरांचा भार मिळून आमच्या एका एसीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाही नव्हता. ते त्या आकड्याकडे बघत राहिले. मग पेन खाली ठेवलं आणि तिला सगळं सांगितलं. खांबावर मी चढलो होतो. तीन घरांची लाइन मी बदलली, आणि त्या तीन घरांत चार एसी चालले. तुमच्या तारांनी काही जळलं नाही, हे मला त्या दिवशीही माहीत होतं. हिंदीत सांगत होते, आणि चाळीस वर्षं हिंदी बोलणारा तो माणूस मध्येच शब्द शोधत होता.

लीलावतीनं आधी आमच्या भिंतीवरच्या एसीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग बाळाकडे. विचारलं, "उस दिन बोले काहे नहीं?"

बाबा म्हणाले, "शरम आई."

"सरम आई," ती हळूच म्हणाली, जसा काही एखादा अनोळखी शब्द म्हणून बघतात. मग तिनं त्यांच्या पुढ्यातले सगळे कागद गोळा केले, अर्धा भरलेला फॉर्मही उचलला, पिशवीत घातले आणि निघून गेली. आई तिच्या मागे दारापर्यंत गेली.

त्या दुपारी ऐन उन्हात बाबा नाल्याकडे गेले. तिथे काय झालं ते त्यांनी नंतर आईला सांगितलं आणि आईनं मला. लीलावती दवाखान्यात डबा द्यायला गेली होती. बाबा तिच्या दारासमोर उभे राहिले. शेजारच्या बाईनं आत बसा म्हटलं, ते बसले नाहीत. दोन तासांनी ती आली. यांना बघून आत गेली, भांडी ठेवली, पाणी प्यायली. पाणी यांना विचारलं नाही. मग पिशवी बाहेर आणून त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, फॉर्म भरून द्या. गल्लीवाल्यांनी आमच्यावर घेतलेला आळ तुम्ही त्यांच्याच समोर खोडायचा. माझ्या कानात सांगून काय होणार?

ते तिचं खरंच होतं.

पुढच्या रविवारी संध्याकाळी गल्लीतल्या लोकांची कडुनिंबाखाली बैठक होती, नव्या ट्रान्सफॉर्मरसाठी निवेदन द्यायचं म्हणून. आई आणि मी दोघी गेलो. बाबा उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं, न थांबता, जसं रजिस्टरमध्ये बिघाड लिहायचे तसं. किती वाजता चढलो, कुठली वायर कुठे लावली, ट्रान्सफॉर्मर किती वाजता गेला. तीन घरं म्हणाले. कुणीतरी विचारलं, कुठली तीन? बाबा म्हणाले, एक माझं. बाकीच्यांची नावं सांगणं माझं काम नाही. दीनानाथजी समोरच खुर्चीवर बसले होते. ते फोन बघत राहिले. माझ्या ओठांवर आलं की मीही खिडकीतून बघत होते, पण मी बोलले नाही. आज इथे लिहिते आहे.

मग मागून एक गृहस्थ म्हणाले की आजकाल एवढं कबूल कोण करतं, मेश्राम साहेब मोठ्या मनाचे आहेत. आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग इतरांनीही वाजवल्या. फक्त हिमानीनं वाजवल्या नाहीत. ती बाबांना म्हणाली, "अंकल, उसी दिन बोल देते." बाबांनी मान हलवली. ते काही पुढे बोलू पाहत होते, की त्या सहा घरांच्या अर्जावर गल्लीनंही सह्या कराव्यात; पण तोवर लोक निवेदनाच्या मजकुराकडे वळले होते. सह्या नंतर मिळाल्या, अकरा. त्या हिमानी दारोदार फिरून घेऊन आली.

घरी येताना बाबा आईला म्हणाले, "टाळ्या वाजवल्या त्यांनी." नंतर कितीतरी दिवस ते मधूनच हे वाक्य म्हणायचे. दोषी ठरवलं असतं, चार शब्द ऐकवले असते, तर त्यांना सोसलं असतं. त्या टाळ्यांमुळे त्यांना गल्लीत मान वर करून चालता येईना. लोक पहिल्यासारखेच कूलर घेऊन यायचे. ते दुरुस्त करून द्यायचे, पण ते भाषण बंद झालं.

जुलैच्या शेवटी मी जबलपूरला परत गेले. अर्जांचं काम सोपं नव्हतं. जागा कुणाच्या नावावर नाही, पत्त्याचा पुरावा नाही. बाबा वीज खात्याच्या उपकेंद्रात जायचे, रांगेत उभे राहायचे, एक कागद कमी आहे म्हणून परत यायचे आणि पुन्हा जायचे. ऑक्टोबरात चार घरांना मीटर मिळाले. दोन घरांची कागदपत्रं जुळलीच नाहीत. त्यांतला एक जण शहराबाहेर बख्शी का तालाबकडे राहायला निघून गेला, दुसऱ्यानं शेजारच्या मीटरवरून वायर घेतली.

लीलावतीच्या घरी मीटर लागला त्या दिवशी तिनं बाबांना अर्थिंग तपासायला बोलावलं. त्यांनी टेस्टर लावून पाहिलं, एक जोड पुन्हा घट्ट केला. तिनं पंखा लावून दाखवला. ऑक्टोबरात त्याची गरज नव्हती. गोपीनाथ खाटेवर बसला होता. तो आता ठेला ओढू शकत नाही. लीलावतीच्या टेबलाशी बसून कपड्यांच्या घड्या घालतो, हिशेब तोंडी ठेवतो. त्यानं बाबांना हात जोडले. त्याला सगळं माहीत होतं की नाही, लीलावतीनं त्याला सांगितलं होतं की नाही, हे बाबांना कळलं नाही, आणि विचारायची हिंमत झाली नाही. त्यांनीही हात जोडले आणि निघाले.

ती आईशी पहिल्यासारखी बोलते, माझ्या मुलीची चौकशी करते. बाबांशी कामापुरतं. साहब, मीटरवर लाल दिवा लागलाय. साहब, बिल जास्त आलंय, बघा. बाबा हातातलं टाकून जातात. त्यांना याहून जास्त काही नकोच आहे, असं आई म्हणते. मला तसं वाटत नाही. गेल्या महिन्यात मी लखनौला गेले होते, तेव्हा ते कडुनिंबाखालून परत आले आणि मला म्हणाले की आज लीलावतीनं बसायला स्टूल दिलं.

मी विचारलं, मग बसलात का?

"नाही," ते म्हणाले, "घाईत होतो." त्यांना घाई कसलीच नव्हती.